कटू, कडू आणि तिखट : एका अदलाबदलीची पार्श्वभूमी

त्रिकटू चूर्णात सुंठ, मिरी आणि पिंपळी असते. तिन्हींत कडू असे काहीच नाही. तरी आयुर्वेदाच्या पुस्तकात 'कटु रस' वाचले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कारलेच येते. आजच्या मराठीत कटू म्हणजे कडू: कटू सत्य, कटू अनुभव, संबंधांत आलेली कटुता. वैद्यकाच्या ग्रंथांत मात्र कटू म्हणजे तिखट, आणि कडवाला शब्द आहे तिक्त. या गोंधळाचे खापर नेहमी बोलीवर फुटते. मूळ शब्द शुद्ध होता, लोकांनी बिघडवला, असे ठासून सांगणारे पुष्कळ. जुने ग्रंथ उघडून पाहिले तर हा आरोप टिकत नाही.

चरकसंहितेतले कटू रसाचे वर्णन अगदी स्वच्छ आहे. जिभेवर पडताच टोचते, आग होते, तोंड, नाक आणि डोळे वाहू लागतात. हे वर्णन मिरीचे, कडुनिंबाचे नव्हे. अडचण सुरू होते ती वैद्यकाबाहेर. गीतेच्या सतराव्या अध्यायात, नवव्या श्लोकात राजस आहाराची यादी आहे: कटू, अम्ल, लवण, अत्युष्ण, तीक्ष्ण, रूक्ष, विदाही. कटू आणि तीक्ष्ण एकाच ओळीत आले. दोन्हींचा अर्थ तिखट धरला तर द्विरुक्ती होते, आणि गीतेत द्विरुक्ती मान्य करायची म्हणजे टीकाकाराची पंचाईत. मध्ययुगीन संस्कृत टीकाकारांपैकी काहींनी त्यावर तोड काढली. तिखट चव 'तीक्ष्ण' या शब्दाने सांगून झाली, तेव्हा इथला कटू म्हणजे तिक्तच, असे त्यांनी ठरवले. कटूला उदाहरण दिले कडुनिंबाचे, तीक्ष्णाला मिरीचे.

खरे पाहता एवढी कसरत करायची गरज नव्हती. कटू, अम्ल, लवण हे रस आहेत, तर उष्ण, तीक्ष्ण, रूक्ष हे गुण. यादी रसांवरून गुणांकडे सरकते, एवढेच. मग द्विरुक्ती राहतेच कुठे? पण त्यांना ती तोड सुचली आणि वाचकांना पटली, याचा अर्थ कटू शब्द कडवाकडे आधीच झुकलेला असणार. कुटकी या जहरी कडू मुळीचे संस्कृत नाव कटुका आहे आणि तिलाच तिक्ता असेही म्हणतात. म्हणजे घोळ पंडितांच्याच घरातला. 1290च्या ज्ञानेश्वरीतही या श्लोकावरच्या ओव्यांत कटू 'कडवट'च्या अंगाने उलगडतो, काळकूट विषाशी तुलना करून. मराठीने काही बिघडवले नाही. चालत आलेला अर्थ तिने घेतला आणि पुढे बोलीत त्याचे 'कडू' पक्के केले. उलट जुना अर्थ उत्तरेत एका जागी टिकून राहिला: मोहरीच्या तेलाला तिकडे 'कडवा तेल' म्हणतात. ते तेल कडू नसते, नाकात जाते. तीच माणसे कारल्यालाही कडवाच म्हणतात, आणि कोणाचे काही अडत नाही.

कटूने सोडलेली जागा तिखटाने घेतली. हा शब्द तीक्ष्णाच्या घराण्यातला, म्हणजे मुळात धारेचा. पोलादाला जुन्या मराठीत तिखे म्हणत. बारीकसा आवाज टिपणाऱ्याचे कान आजही तिखटच असतात. जिभेवर ही धार मिरी, आले, पिंपळी आणि मोहरी यांची होती. पोर्तुगीजांनी 1510मध्ये गोवा घेतला आणि त्या शतकात अमेरिकेतली मिरची त्यांच्या जहाजांतून इथे उतरली. नाव तिने मिरीचेच उचलले. मिरी आणि मिरची दोन्ही 'मरीच'च्या लेकी. आज मिरची काढून टाकली तर मराठी स्वयंपाक उभा राहणार नाही, पण ज्ञानेश्वरीच्या काळातल्या एकाही घरात ती नव्हती.

पुढे विशेषणाचे नाम झाले. 'तिखट संपलंय, दळून आण' यातले तिखट ही चव नाही, डब्यातली लाल पूड आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे तिलाच चटणी म्हणतात. मालवणी घरात बांगड्याचे तिखले होते. तिखटमिठाच्या पुऱ्या म्हटल्या की गोडाच्या नव्हेत हे कळते, आणि गोडा मसाला गोड नसतो, फक्त जहाल नसतो. बाजारात तर एका मिरचीची दोन कामे वेगळी झाली: तिखटपणाला लवंगी, रंगाला बेडगी.

मिरचीने हा शब्द असा बळकावल्यावर बाकीच्या झोंबणाऱ्या जिनसांची सोय क्रियापदांनी लावली. सुरण खाजतो, कांदा डोळ्यांना झोंबतो, मोहरी चढते. ही मोहरी चढण्यासाठी फेसावी लागते. सुक्या दाण्याला जवळजवळ वास नसतो. पाणी घालून वाटली की तिच्यातली दोन द्रव्ये एकत्र येतात, आणि तयार होते ती वाफ जिभेला बगल देऊन थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत जाते. फोडणीत तडतडलेली मोहरी हे करू शकत नाही, कारण उष्णतेने त्यातले एक द्रव्य आधीच निकामी झालेले असते. झणझणीत, जळजळीत, सणसणीत ही विशेषणेही चवीपेक्षा अंगात काय होते तेच सांगतात.

विज्ञान याच अंगाने गेले. 1912मध्ये अमेरिकेतल्या एका औषधनिर्मात्याने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत मोजणी केली. तिखटपणाचे ते एकक अजून चालते. 1997मध्ये मज्जातंतूंवरचा मिरची ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) सापडला. साधारण 43 अंशांच्या वरची उष्णताही तोच टिपतो, आणि या शोधाला 2021चे नोबेल मिळाले. तेव्हापासून तिखट ही चव नसून वेदना आहे, असे कोणीही ऐटीत सांगतो. आयुर्वेदाने ते रसांत धरले म्हणून त्याला हसायचे कारण नाही, त्याच्या वर्णनात टोचणे आणि आग होणे पहिल्यापासून आहे.

वासांकडे भाषेने एवढे लक्ष दिले नाही. गर्वाला असलेला दर्प हा संस्कृत शब्द मराठीत हिंगाच्या डबीतून येतो, नाकाचे घ्राण घसरत घाण झाले, आणि नुसता 'वास येतोय' म्हटले की तो वाईटच असतो. मिरचीचे तर इथेही वेगळेच. तिला जहाल करणाऱ्या द्रव्याला स्वतःचा वास नाही. फोडणीत मिरची जळल्यावर घरभर ठसका लागतो तो त्याच द्रव्याचे कण घशाला जाऊन लागल्याने, तरी शेजारीण विचारते ते 'कसला वास सुटलाय?' असेच.