पायदळाचे भवितव्य आणि सातारा-सांगली

पायदळ म्हणजे पायी लढणारे सैन्य. लष्करात त्याला इन्फंट्री म्हणतात, मराठेशाहीच्या कागदांत हशम. सातारा-सांगलीकडे ‘पोरगा मिलिटरीत आहे’ म्हटले, की ऐकणारा बहुधा पायदळच धरून चालतो. शत्रूच्या ताब्यातली जमीन घेणे आणि घेतलेली राखणे, ही पायदळाची दोन मुख्य कामे. ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि उपग्रहांमुळे पहिल्या कामाची रीत झपाट्याने बदलते आहे. दुसऱ्या कामाला अजून पर्याय सापडलेला नाही. एरवी हा विषय सेनाधिकाऱ्यांच्या चर्चेचा. पण या दोन जिल्ह्यांत, विशेषतः माण, खटाव, आटपाडी, जत अशा कोरडवाहू तालुक्यांत, तो घरखर्चाचाही आहे.

शिवकालीन पायदळाची रचना सभासदाने आपल्या बखरीत नोंदवली आहे. दहा माणसांवर एक नाईक, पन्नासांवर हवालदार, त्यावर जुमलेदार आणि हजारी. नाईक आणि हवालदार ही पदे भारतीय सेनेत आजही आहेत आणि पायदळाचा सर्वांत लहान गट, म्हणजे सेक्शन, साधारण दहा जवानांचाच असतो. दहाच का, याचे साधे उत्तर असे देता येईल, की गोंधळात एका माणसाची हाक तेवढ्यांपर्यंतच पोचते. पायदळाच्या भवितव्याचा सगळा वाद खरे तर या दहाच्या आकड्यापाशी येऊन थांबतो.

पायदळ संपल्याचे भाकीत काही नवे नाही. मशीनगन आली, रणगाडा आला, १९४५ मध्ये अणुबॉम्ब पडला. प्रत्येक वेळी ते केले गेले. मशीनगनने काय होते हे सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला कुणी सांगायला नको. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे आणि गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ असे पडले. तरी पुढच्या पिढ्या भरती होतच राहिल्या. १९६१ साली देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली, तीही याच परंपरेला धरून. १७६८ पासूनचा इतिहास सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला असले, तरी तिथल्या परेड मैदानावर सातारी बोली परकी वाटत नाही.

कारगिलच्या युद्धात (१९९९) हवाई दलाने लेझरच्या मदतीने अचूक बॉम्ब टाकले, बोफोर्स तोफांनी शिखरे भाजून काढली. पण तोलोलिंग असो की सुमारे १६,५०० फुटांवरचे टायगर हिल, माथा ताब्यात आला तो रात्रीच्या अंधारात दोर लावून चढलेल्या जवानांमुळेच. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात तर काळाचे चक्र उलटे फिरल्यासारखे झाले. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असे १९९६ च्या भारत-चीन करारात ठरले होते. त्यामुळे दोन अण्वस्त्रधारी देशांचे सैनिक दगड, दांडकी आणि खिळे ठोकलेल्या सळ्या घेऊन भिडले. भारताचे २० जवान हुतात्मा झाले. याउलट मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूर मुख्यतः क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि हवाई संरक्षण यांच्या जोरावर चार दिवसांत आटोपले. त्यात जमीन घ्यायचीच नव्हती. उद्दिष्ट जमिनीचे नसेल, तेव्हा पायदळ मागे राहू शकते. या उदाहरणाचा अर्थ एवढाच घ्यावा.

खरा धक्का युक्रेनने दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या या युद्धात पुढे पुढे आघाडीच्या दोन्ही बाजूंचा कित्येक किलोमीटरांचा पट्टा असा झाला, की तिथे दिवसा हलणारे काहीही काही मिनिटांत टिपले जाते. ड्रोनचा चालक त्याच्या कॅमेऱ्यातले चित्र दाखवणारा चष्मा डोळ्यांवर चढवून मागे तळघरात बसतो आणि लहानसा ड्रोन खंदकाच्या दारातून आत घालतो. रेडिओ लहरी जाम करून असा ड्रोन पाडता येऊ लागला, तसे मागे काचतंतूची (ऑप्टिकल फायबरची) बारीक तार सोडत जाणारे ड्रोन आले. त्यांचे आदेश तारेतून जातात, म्हणून त्यांना जाम करता येत नाही. आघाडीजवळच्या शेतांत आता या तारांची जळमटे चमकताना दिसतात आणि रस्त्यांवर ड्रोन अडकवायला मासेमारीची जाळी मांडवासारखी ताणलेली असतात. इथे दहाची तुकडी एकत्र चालली तर एकत्रच मरते. म्हणून हल्ले दोघा-तिघांच्या टोळ्यांनी होतात, कधी मोटारसायकलवरून. पोचलेले दोघे तळघरात दिवसेंदिवस लपून राहतात. पाणी आणि दारूगोळा ड्रोनने टाकला जातो, जखमीला आणायला चाकांचा यंत्रमानव जातो.

लपणे हा पायदळाचा जुना हुकमी डाव. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी, जावळीच्या झाडीत दबा धरलेल्या मावळ्यांनी अफजलखानाची फौज कापली, ती त्या रानात घोडदळ आणि तोफा निरुपयोगी ठरल्यामुळे. आज उष्णता टिपणारा कॅमेरा अंधारातला माणूस त्याच्या अंगाच्या उबेवरूनच हेरतो. दाट पानांच्या छताखाली मात्र त्याची नजरही अडखळते. युक्रेनच्या उघड्या माळावरचे सगळे धडे काश्मीरच्या जंगलाला जसेच्या तसे लावू नयेत, ते यासाठी.

भारतीय सेनेने बदल सुरू केले आहेत. पायदळाच्या पलटणींना ड्रोनची स्वतंत्र तुकडी (प्लाटून) आणि ‘भैरव’ नावाच्या छोट्या, चपळ पलटणी यांची घोषणा सेनाप्रमुखांनी जुलै २०२५ मध्ये द्रास येथे केली. अमेठीजवळ कोरवा येथे एके-२०३ रायफली बनतात. १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात झालेल्या सेनादिनाच्या संचलनात चार पायांची यांत्रिक खेचरे चालली. त्यांना पाहून लहान मुले हसली आणि जुन्या सुभेदारांना पाठीवरची ओझी आठवली असतील.

जवान हवेत, पण कमी आणि अधिक शिकलेले, असा या सगळ्याचा रोख आहे. त्याच्याशी सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेचा मेळ कसा बसतो, हा प्रस्तुत लेखकाला पडलेला प्रश्न. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत सेवा चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात आणि बाकीच्यांना एकरकमी निधी मिळतो, पेन्शन नाही. रायफल वर्षभरात हाती बसते. ड्रोन उडवणे, तो दुरुस्त करणे, शत्रूचा ड्रोन नुसत्या आवाजावरून ओळखणे, हे मुरायला वेळ लागतो. आणि मुरलेला जवान घरी पाठवायचा, तर ती विद्या कुठे जाणार?

इकडे भरतीचे मैदान जुन्याच मापाने चालते. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतली पोरे पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर उतरतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसले तर पूर्ण गुण, मग बीमवर दहा पुलअप्स, मग नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. लेखी परीक्षा आता संगणकावर आधी होते, एवढाच फरक. वाळवा-पलूसकडच्या याच पोरांतली काही जण सुट्टीत उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या बॅटऱ्या बदलायला जातात. वारा सुटला की फवारा शेजारच्या रानात जातो, म्हणून ड्रोन किती खाली ठेवायचा, हे त्यांना नेमके ठाऊक असते. मैदानावर त्याला गुण नाहीत.