गिअर हब (सायकल)

सायकलच्या मागच्या चाकाच्या हबमध्येच सगळे गिअर बसवलेले असले, तर त्याला गिअर हब म्हणतात. बाहेरून दिसतो तो फक्त नेहमीपेक्षा जाड हब, एकच दातेरी चाक आणि आसाच्या टोकाशी जाणारी केबल. डिरेलरमध्ये चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर उडी मारते. इथे चेन जागची हलत नाही, बदल होतो तो कवचाच्या आत.

आतली रचना ग्रहमालेसारखी असते. आसावर पक्के बसवलेले मधले चक्र म्हणजे सूर्य, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रे म्हणजे ग्रह आणि या सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या १९३६ सालच्या ‘एडब्ल्यू’ या तीन गिअरच्या हबमध्ये सूर्याला २० आणि कड्याला ६० दाते आहेत. पायडलचा जोर ग्रहांच्या पिंजऱ्याला, म्हणजे ग्रहांना धरून ठेवणाऱ्या चौकटीला, देऊन कड्याकडून चाक फिरवले, की चाक चेनपेक्षा एक-तृतीयांश जलद फिरते. जोर कड्याला देऊन पिंजऱ्याकडून चाक फिरवले, की वेग तीन-चतुर्थांश होतो. मधल्या गिअरमध्ये ग्रहचक्रांतून जोर जातच नाही, चाक थेट फिरते. तीन गिअरसाठी एवढी मोजकी चक्रे पुरतात, म्हणूनच हा हब इतका टिकाऊ ठरला. कंपनीचा पहिला तीन गिअरचा हब १९०२-०३ मधला. त्याच्या आराखड्यात विल्यम रायली यांचा मोठा वाटा होता, पण हबला नाव लागले ते हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांचे.

हब निवडताना बहुतेक जण आधी गिअर किती ते विचारतात. हा प्रश्न खरे तर शेवटचा. पहिला प्रश्न पल्ल्याचा, म्हणजे सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या किती पट आहे याचा. ‘एडब्ल्यू’चा पल्ला सुमारे १७८ टक्के आहे, शिमानोच्या आठ गिअरच्या नेक्सस व अल्फिन हबचा ३०७ टक्के, तर जर्मनीत १९९८ पासून मिळणाऱ्या चौदा गिअरच्या रोलॉफ स्पीडहबचा ५२६ टक्के. डिरेलरच्या सायकलला पुढे एकच दातेरी चाक आणि मागे ११ ते ३४ दात्यांचा संच असेल, तर तिचा पल्ला ३०९ टक्के भरतो. म्हणजे आठ गिअरचा हब जवळजवळ तेच काम करतो.

पल्ला पुरेसा असला तरी तो कुठून सुरू व्हावा हे हब ठरवत नाही; ते पुढच्या-मागच्या दात्यांवर ठरते. पुढे ३८ व मागे १९ दाते आणि चाकाचा घेर २.१ मीटर धरला, तर थेट गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ४.२ मीटर जाते. मग ‘एडब्ल्यू’चे तीन गिअर ३.१५, ४.२ आणि ५.६ मीटरचे होतात. त्याच दात्यांवर आठ गिअरचा नेक्सस २.२ पासून ६.८ मीटरपर्यंत जातो, तर रोलॉफ १.२ पासून ६.२ पर्यंत. चढ जड जात असेल, तर मागे २२ दात्यांचे चक्र घालून तीन गिअरचा हब २.७, ३.६ आणि ४.८ मीटरवर आणता येतो. सपाटीवरचा वेग मात्र तेवढाच कमी होतो. आपल्या वाटेवरचा सर्वांत खडा चढ आधी ठरवावा आणि हिशेब तिथून वर करत यावा. मात्र पुढच्या-मागच्या दात्यांचे गुणोत्तर फार खाली नेले, तर हबच्या आतल्या चक्रांवर जास्त पीळ येतो. म्हणून कंपन्या किमान गुणोत्तर ठरवून देतात. ते ओलांडून हब मोडला, तर दोष हबचा नव्हे.

दोन गिअरमधले अंतरही पायाला जाणवते. ‘एडब्ल्यू’त ती उडी ३३ टक्क्यांची, नेक्ससमध्ये १४ ते २२ टक्क्यांची आणि तीही असमान, रोलॉफमध्ये सगळ्या उड्या १३.६ टक्क्यांच्या. सपाट रस्त्यावर, वाऱ्याविरुद्ध तासन्‌तास एकाच लयीत पायडल मारणाऱ्याला मोठ्या उड्या खुपतात. बाजारहाटीला फिरणाऱ्याला त्या कळतही नाहीत.

मग येते फ्रेम, आणि अनेकांचा बेत इथेच अडतो. चाकाचा आस जिथे बसतो त्या मागच्या दोन खाचांमधले अंतर आणि हबची रुंदी जुळली पाहिजे: रोलॉफच्या मूळ हबला १३५ मिलिमीटर लागतात, जुन्या तीन गिअरच्या हबला त्याहून बरेच कमी. खाच आडवी असेल, तर चाक मागे सरकवून चेन ताणता येते. उभ्या खाचेत ते जमत नाही, चेन ताणणारा वेगळा भाग लावावा लागतो. जोर पडल्यावर आस खाचेत फिरू नये यासाठी खास वॉशर किंवा पट्टी लागते. ती विसरली, तर खाच खराब होते. चेनऐवजी पट्टा हवा असेल, तर फ्रेम एका ठिकाणी उघडता यायला हवी, कारण पट्टा सहसा तोडून जोडता येत नाही.

या हबचा खरा फायदा उभ्या सायकलवर गिअर बदलता येणे हा आहे. सिग्नलला जड गिअरमध्ये थांबलेला माणूस हलक्या गिअरमध्ये निघू शकतो. चेन सरळ रेषेत चालते, कमी झिजते. हबचे दोन्ही काठ जवळपास समान अंतरावर असल्याने आऱ्यांचा ताणही सारखा राहतो. वजन मात्र सगळे मागच्या चाकात जाते, रोलॉफचे तर सुमारे १.८ किलो. पंक्चर काढताना केबल आणि नट सोडवायला वेळ लागतो. थेट गिअर सोडून इतरांत थोडी ताकद घर्षणात जाते. वेगाची शर्यत करणाऱ्याने हा हब घेऊ नये, हे उघडच आहे.

जुना ‘एडब्ल्यू’ हाती आला, तर कवचावर त्याचे वर्ष कोरलेले सापडते. मधल्या आणि जड गिअरमध्ये टिकटिक आणि हलक्या गिअरमध्ये शांतता, हे बिघाडाचे नव्हे, हब नीट असल्याचे लक्षण. केबल सैल वा घट्ट झाली, तर मधल्या आणि जड गिअरच्या मध्ये पायडल एकदम मोकळे फिरते आणि उभ्याने जोर लावणारा दांड्यावर आदळतो. म्हणून हब विकत घेताना आधी केबल जुळवावी, मग कवचावरच्या टोपीतून तेल घालावे आणि त्यानंतरच चालवून पाहावे.