पेलेश राजवाडा

रोमानियातील राजघराण्याचे पूर्वीचे उन्हाळी निवासस्थान. बुखारेस्टच्या उत्तरेस सुमारे १२० किमी.वर, कार्पेथियन पर्वतातील बुचेज डोंगराच्या पायथ्याशी, सिनाया येथे. जर्मनीतील होहेनझोलर्न-सिग्मारिंगेन घराण्यातला कॅरोल १८६६ मध्ये रोमानियाचा अधिपती झाला. त्याच वर्षी तो सिनायाच्या जुन्या मठात उतरला आणि ही जागा त्याच्या मनात भरली. बांधकाम १८७३ मध्ये सुरू झाले. १८७७-७८ च्या तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात ते रखडले आणि ७ ऑक्टोबर १८८३ रोजी वाड्याचे उद्घाटन झाले, तोवर कॅरोल राजा झाला होता. डोडरर, शुल्त्स आणि लिमान हे प्रमुख वास्तुविशारद. कार्मेन सिल्वा या नावाने लिहिणाऱ्या त्याच्या राणीने, एलिझाबेथने, कामावर ऐकू येणाऱ्या चौदा भाषांची नोंद केली आहे.

उंच मनोरे आणि लाकडी नक्षी पाहून वाडा मध्ययुगीन वाटतो. प्रत्यक्षात तो यंत्रयुगाचे अपत्य आहे. वीज आणि मध्यवर्ती उष्णताव्यवस्था येथे फार लवकर आली, आणि अक्रोडाच्या लाकडाने मढवलेल्या मुख्य दालनाचे काचेचे छत विजेच्या मोटरीने सरकते. दीडशेहून अधिक खोल्यांपैकी मूरिश, तुर्की, फ्लोरेन्टाइन अशा निरनिराळ्या शैलींतील दालने दाखवली जातात. एकामागून एक पाहताना डोळ्यांना थोडे अजीर्णच होते. नाट्यगृहाच्या सजावटीत ऑस्ट्रियन चित्रकार गुस्टाफ क्लिम्टचा, त्याच्या तरुणपणीचा, हात आहे. भारतीय पाहुण्याने संगीत दालनात जरूर रेंगाळावे: तेथील कोरीव सागवानी सामान कपूरथळ्याच्या महाराजांनी भेट दिलेले आहे. गर्दी मात्र शस्त्रागारात होते. चार हजारांहून अधिक शस्त्रे व चिलखते असल्यावर ती व्हायचीच.

राजकीय इतिहासात मात्र पेलेशचे नाव येते ते ३ ऑगस्ट १९१४ च्या राजपरिषदेमुळे. पहिले महायुद्ध पेटले होते. जर्मन वंशाच्या कॅरोलला जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बाजूने उतरायचे होते, तसा गुप्त करारही होता. पण जमलेल्या नेत्यांपैकी पेत्रे कार्प हा एकटाच त्याच्या बाजूने बोलला. देश तटस्थ राहिला. मन दुखावलेला राजा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच वाड्यात वारला. दोन वर्षांनी त्याचा वारस फर्डिनांड याच्या काळात रोमानिया युद्धात उतरला, तोही जर्मनीविरुद्ध.

फर्डिनांडचा नातू राजा मिहाय याला १९४७ च्या अखेरीस पदत्याग करावा लागला. त्यानंतर वाडा सरकारजमा झाला व १९५३ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत १९७५ पासून तो सामान्यांना बंद होता; १९९० मध्ये दारे पुन्हा उघडली. २००७ मध्ये राजघराण्याचा हक्क मान्य झाला, तरी संग्रहालय चालू राहिले.

बुखारेस्टहून आगगाडीने सिनायाला उतरून मठावरून चढाच्या वाटेने पायी जाता येते. सोमवारी वाडा बंद असतो. जवळच फर्डिनांड व राणी मारी यांच्यासाठी बांधलेला पेलिशोर हा लहान वाडा आहे. तेथील खोल्या साध्या व उजेडाच्या असल्याने राहायला जास्त सुखाच्या वाटतात. वेळ राखून दोन्ही वाडे पाहावेत.