कथक

कथक हा उत्तर भारतातला शास्त्रीय नाच. संस्कृतात कथक म्हणजे कथा सांगणारा, आपण मराठीत कथेकरी म्हणतो तोच. महाभारताच्या आदिपर्वात अर्जुन वनवासाला निघतो तेव्हा त्याच्यासोबत जाणाऱ्यांत कथक पण आहेत, पण ते नाचायचे असं तिथं काही म्हटलेलं नाही, त्यामुळे क्लासच्या माहितीपत्रकात "हजारो वर्षांची परंपरा" असं छापतात ते जरा बेतानंच घ्यावं. शब्द जुना आहे, आज स्टेजवर दिसतो तो नाच मात्र बराचसा १८व्या-१९व्या शतकात घडला.

सांगली-मिरजेकडच्या माणसाला हे समजायला नारदीय कीर्तन आठवलं तरी पुरे. उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, एकटेच उभे, आणि तेच रावण, तेच सीता, मधेच जटायू पण तेच, नुसती मान वळवली की माणूस बदलतो. कथकमधला गतभाव असाच असतो, नाचणारी एकटी, एक पलटा घेतला की कृष्ण, परत पलटा घेतला की डोक्यावर घागर घेतलेली गोपी, कपडे बदलायचे नाहीत की पडदा पाडायचा नाही. फक्त बुवा बोलतात, गातात, आणि गतभावात एक शब्द नसतो, मागं सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात बसणारी तीच ती धून, चालू असतो आणि सगळी गोष्ट डोळे, हात नि चालीतून कळते.

हंडिया हे प्रयागजवळचं गाव, तिथल्या कथक घराण्यातली माणसं लखनौच्या दरबारात गेली. नवाब वाजिद अली शाह (राज्य १८४७ ते १८५६) स्वतः ठाकूरप्रसादांकडे नाच शिकला. गादीवर यायच्या आधी, १८४३ साली, त्यानं राधा-कन्हैयाचा खेळ बसवला होता. गंमत म्हणजे त्याच साली इकडं सांगलीत विष्णुदास भाव्यांनी राजेसाहेबांसमोर सीतास्वयंवर केलं! दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला हे सारखं आठवतं. १८५६ मध्ये इंग्रजांनी नवाबाचं राज्य खालसा केलं, तो कलकत्त्याला मटियाबुर्जला जाऊन राहिला. लखनौ घराणं पुढं बिंदादीन आणि कालकाप्रसाद या भावांनी चालवलं, कालकाप्रसादांची मुलं अच्छन, लच्छू, शंभू महाराज, आणि अच्छन महाराजांचे चिरंजीव म्हणजे बिरजू महाराज (१९३८–२०२२). लखनौत भाव आणि नजाकत, जयपूर घराण्यात पायाचं काम, चक्कर, पखवाजाचे बोल. बनारस आणि रायगढ ही आणखी दोन घराणी.

या सगळ्या वंशावळीत बायका कुठं आहेत? ठुमरीवर बसून भाव करणं, एकाच ओळीचे दहा अर्थ दाखवणं, हे तवायफांनी, म्हणजे नाच-गाण्यावर जगणाऱ्या कलावंतिणींनी, वाढवलं. १९व्या शतकाच्या शेवटी नाचाविरुद्ध चळवळ सुरू झाली, या बायका बदनाम झाल्या, आणि नंतर घराण्यांच्या इतिहासात गुरू म्हणून नावं राहिली ती पुरुषांची. आपल्याकडं तमाशातल्या बायकांचं काय झालं ते बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. घुंगरू तेच, कुणी चाळ म्हणतं.

२०व्या शतकात मादाम मेनका यांनी कथक थिएटरात नेलं, खंडाळ्याला शाळा काढली. पुण्यात रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली, त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर दोघांकडे शिकल्या, म्हणजे लखनौ पण आणि जयपूर पण.

आता मिरज. विष्णु दिगंबर पलुस्कर इथंच बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्यामागं १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, त्याचं कार्यालय मिरजेत आहे. पलुस्कर गाण्यातले, पण आज कथकच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा हे मंडळ घेतं, गावोगावच्या पोरी कथक शिकून याच परीक्षा देतात. परीक्षेत नुसतं नाचून चालत नाही, हातानं टाळी-खाली दाखवत बोल तोंडानं म्हणावे लागतात, त्याला पढंत म्हणतात, तीनतालाच्या १६ मात्रा आधी एकपट, मग दुप्पट, मग चौपट. आमची भाची तिहाई (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं) झकास नाचली आणि पढंतीत समेच्या एक मात्रा आधीच थांबली.