पुनर्हृदयशस्त्रक्रिया

एकदा ओपन हार्ट झालेल्या रुग्णाची छाती त्याच जागी पुन्हा उघडून केलेली शस्त्रक्रिया. डॉक्टर तिला ‘रीडू’ म्हणतात.

पहिल्या वेळी उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागे हृदय मोकळे असते. जखम भरताना तिथे चिकटपट्टे तयार होतात आणि उजवे निलय (हृदयाचा उजवा खालचा कप्पा), महाधमनी किंवा मोठी शीर हाडाला चिकटून बसते. बायपासमध्ये छातीच्या आतली धमनी जोडलेली असेल आणि ती हाडाखालून गेली असेल, तर करवतीचा एक धक्का हृदयाचा रक्तपुरवठाच तोडू शकतो. म्हणून खरा धोका हाड कापण्याच्या आणि त्याच्या कडा सोडवण्याच्या वेळेत असतो. त्यावरची बहुतेक तयारी मात्र आधीच करावी लागते.

सीटी स्कॅनवर हाड आणि हृदय यांत किती जागा उरली आहे ते पाहतात. जागा नसेल, तर जांघेतल्या किंवा काखेजवळच्या रक्तवाहिन्या आधीच मोकळ्या करून ठेवतात. काही वेळा हाड कापण्यापूर्वीच त्या रक्तवाहिन्यांतून हार्ट-लंग मशीन, म्हणजे हृदय-फुप्फुसांचे काम करणारे यंत्र, सुरू करतात. रक्त यंत्रात गेल्याने रिकामे झालेले हृदय हाडापासून खाली सरते. पण त्यासाठी रक्त पातळ करणारे हेपरिन लवकर द्यावे लागते आणि चिकटपट्टे सोडवताना रक्त झिरपत राहते. त्यामुळे सरसकट सर्वांना हा मार्ग योग्य नव्हे.

कापायला पुढे-मागे डोलणारी करवत वापरतात. जुन्या तारा पुढून तोडतात, पण काढत नाहीत: मागचा भाग करवतीला अडवून हृदयाला आडोसा देतो. कापताना भूलतज्ज्ञ श्वास क्षणभर थांबवतो. कडा खालून सुटल्याशिवाय छाती फाकवायची नाही. घाईने फाकवली तर निलय फाटते. शॉक देण्याचे पॅड अंगावर आधीच चिकटवलेले असतात आणि रक्ताच्या पिशव्या थिएटरमध्ये हजर असतात.

पुण्यात रुबी हॉल क्लिनिक (स्थापना १९५९) आणि लष्कराची कार्डिओ-थोरॅसिक संस्था ही हृदयोपचाराची जुनी केंद्रे. सातारा, सोलापूर, अहिल्यानगरहूनही रुग्ण पुण्यात येतात. पहिले ऑपरेशन दुसऱ्या गावी, कित्येक वर्षांपूर्वी झालेले असेल, तर त्या ऑपरेशनची टिपणी मोलाची ठरते: कोणती धमनी कुठून नेली, हृदयावरण शिवले की उघडे ठेवले, हे तिच्यात सापडते. डिस्चार्ज कार्डावर एवढे सगळे नसते. म्हणून ती टिपणी मागून घ्यावी आणि घरी जपून ठेवावी.