बारावीनंतर लॉ : अर्ज कुठे भरावा, कुठे भरू नये
(रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधील विद्यार्थी व पालकांसाठी)

कॉलेजांची यादी हातात घेण्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवा. पाच वर्षांनी मुलगा किंवा मुलगी काम कुठे करणार? मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये, हायकोर्टात, की चिपळूण-कुडाळच्या कोर्टात? या उत्तराप्रमाणे यादी उलटीपालटी होते. 'टॉप कॉलेज कोणते' हा प्रश्न त्यानंतरचा.

कॉर्पोरेट फर्मची नोकरी हवी असेल तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांना, म्हणजे एनएलयूंना, पर्याय कमी आहेत. बेंगळुरू, हैदराबादचे नालसार, कोलकात्याचे एनयूजेएस, दिल्ली, जोधपूर, गांधीनगर, भोपाळ ही जुनी, नाव झालेली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून पंचवीसेक विद्यापीठांत प्रवेश मिळतो, पण 'एनएलयू' या अक्षरांना सगळीकडे सारखा भाव नाही. फी वर्षाला साधारण अडीच ते चार लाखांच्या घरात, काही ठिकाणी त्याहून जास्त. वसतिगृह-मेस त्यात धरली आहे का, ते फीच्या तक्त्यात तपासा. अगदी नव्या एनएलयूसाठी पाच वर्षांत पंधरा लाख घालून शेवटी रत्नागिरीतच वकिली करायची असेल, तर तो हिशेब आम्हाला पटत नाही.

कोकणात वकिली करायची तर सीईटीतून, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेतून, मिळणारी कॉलेजे पाहा. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय (१८५५) हे आशियातले सर्वात जुने म्हणून ओळखले जाते. फी काही हजारांत, आणि हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे शिकतानाच सीनिअरच्या ऑफिसात बसता येते. पुण्याचे आयएलएस (१९२४) तितकेच मानाचे. घराजवळ हवे तर रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर, कोल्हापूरचे शहाजी. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचे सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारे न्यायपीठ) सुरू झाले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणे तिकडे जातात, म्हणून कोल्हापूरचा पर्याय आता पूर्वीपेक्षा गांभीर्याने घ्यावा. रायगडवाल्यांना हायकोर्ट मुंबईच. कूळकायदा, सामाईक सातबारा, फेरफार, वाटपाचे दावे, सीआरझेड (किनारपट्टीवरील बांधकामाचे नियम) या इथल्या रोजच्या कामाचे शिक्षण कुठलेही कॉलेज पुरते देत नाही. ते कोर्टात आणि तहसील कचेरीतच मिळते.

न्यायाधीश व्हायचे आहे? २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. कॉलेज कोणतेही असो, मधली तीन वर्षे घरखर्च कसा चालणार तेही आत्ताच मोजा.

क्रमवारीबद्दल थोडेसे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत बेंगळुरू वर्षानुवर्षे पहिले आहे, पण त्या गुणांत संशोधन आणि नावलौकिक यांनाही वाटा असतो. नोकरीचा अंदाज हवा असेल तर क्रमांक सोडा आणि त्याच संकेतस्थळावर कॉलेजने स्वतः भरून दिलेली माहिती उघडा. तिथे किती मुलांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मध्यक पगार किती, हे आकडे असतात. माहितीपुस्तिकेत छापलेले 'सर्वोच्च पॅकेज' एका मुलाचे असते. मध्यक म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, तो पाहा.

परीक्षा
क्लॅट डिसेंबरमध्ये, कागदावर, दोन तास, १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. पेपर फक्त इंग्रजीत आणि जवळजवळ सगळा उताऱ्यांवर. मराठी माध्यमाची मुले कायद्यात नव्हे, वाचनाच्या वेगात मागे पडतात; अकरावीपासून रोज इंग्रजी अग्रलेख वाचणे हाच उपाय. दिल्ली एनएलयू क्लॅटमध्ये नाही, त्याची आयलेट ही प्रवेश परीक्षा वेगळी : त्याच दोन तासांत १५० प्रश्न. राज्याची सीईटी मराठी आणि इंग्रजीत असते आणि तिथे गुण वजा होत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नये. क्लॅट रविवारी दुपारी असते. डिसेंबरात कोकण रेल्वेची तिकिटे आरक्षण उघडताच संपतात, तेव्हा केंद्र कळेपर्यंत थांबू नका.

पैसे कुठे अडकतात
क्लॅटचा अर्ज ४,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींना ३,५००). अलीकडच्या वर्षांत समुपदेशनासाठी, म्हणजे जागावाटपाच्या प्रक्रियेसाठी, आणखी ३०,००० भरावे लागले, आरक्षित गटांना २०,०००. खरी अडचण वेळेची आहे. एनएलयूच्या याद्या आधी लागतात, सीईटीची कॅप (केंद्रीकृत प्रवेश) फेरी बरीच नंतर. सीईटीतून चांगली जागा मिळेल या आशेवर एनएलयूत पैसे भरले आणि उशिरा प्रवेश रद्द केला, तर मोठी रक्कम बुडू शकते. परताव्याची शेवटची तारीख पैसे भरण्याआधी वाचा. आणखी एक : 'फ्लोट' (मिळालेली जागा धरून वरच्या पसंतीची वाट पाहणे) निवडल्यावर वरच्या पसंतीची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते. जिथे जायचेच नाही ते नाव उगाच वर लिहू नका.

दाखले
सगळ्यात जास्त प्रवेश इथे अडतात. राज्याच्या कोट्यासाठी अधिवास दाखला लागतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जमवायला वेळ जातो. जात पडताळणीचा अर्ज बारावीला असतानाच कॉलेजमार्फत करा. नॉन-क्रीमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर असतो, म्हणून जानेवारीत काढलेला दाखला जुलैत चालेल असे धरू नका. त्यावरची मुदत वाचा. राज्याचा आणि केंद्राचा नमुनाही वेगळा आहे, दोन्ही काढून ठेवा. शिवाय दहावीची गुणपत्रिका आणि आधार यांत नाव अक्षरशः जुळले पाहिजे.

आमच्याकडे सल्ल्यासाठी पहिल्या भेटीला येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि असतील ते जातीचे दाखले आणावेत. आम्ही कुठल्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही. मॅनेजमेंट कोट्याची चौकशी आमच्याकडे करू नये.