व्होल्टेज मे महिन्यात तपासायचं

माझा भाचा नागपुरात नंदनवनला राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने नवीन कॉम्प्युटर जुळवला आणि तिसऱ्याच दिवशी फोन, "मामाजी, ओव्हरक्लॉक करून राहिलो, व्होल्टेज किती ठेवू?" ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणं. मी म्हटलं आधी सांग खोलीत आत्ता किती डिग्री आहे. त्याला वाटलं मी विषय बदलतोय, पण खरंच सगळं तिथूनच सुरू होतं, आणि नागपुरात तर जास्तच.

आधी व्होल्टेज नेमकं करतं काय ते बघू. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, तिच्यात अब्जावधी ट्रान्झिस्टर म्हणजे चालू-बंद होणारे सूक्ष्म स्विच असतात आणि प्रत्येकाचं गेट म्हणजे एक इवलंसं भांडं, त्यात चार्ज भरला की ट्रान्झिस्टर चालू. उन्हाळ्यात आपण रोज पाइप लावून कूलरची टाकी भरतो ना, नळाला प्रेशर असलं की टाकी पटकन भरते आणि नसलं की उभंच राहावं लागतं, तसंच हे. व्होल्टेज म्हणजे ते प्रेशर. आता अशा टाक्या एकामागे एक लावल्यात असं समजा, पहिली भरली की दुसरीचा नळ सुटतो, दुसरी भरली की तिसरीचा, आणि शेवटची टाकी क्लॉकचा, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या घड्याळाचा, पुढचा ठोका पडायच्या आत भरलीच पाहिजे. ४ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये २५० पिकोसेकंद मिळतात, तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटीमीटर जातो. तुम्ही फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके, वाढवली म्हणजे हा वेळ कमी केला. शेवटची टाकी भरली नाही की १ च्या जागी ० वाचला जातो, आणि चिपमधल्या कोट्यवधी वाटांपैकी जी सगळ्यात हळू आहे तिने एकदा दगा दिला तरी पुरे.

मग प्रेशर वाढवू की, असं कोणालाही वाटतं. पण चिप जी उष्णता काढते ती फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ४.५ वरून ४.८ गिगाहर्ट्झला जायला समजा व्होल्टेज १.२० वरून १.३२ करावं लागलं, तर वेग वाढला साधारण ७ टक्के आणि उष्णता वाढली २९ टक्के. शिवाय ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा करंट झिरपत असतो, आणि चिप तापली की हे झिरपणं वाढतं, त्याने चिप अजून तापते.

माझ्या जुन्या सहा कोअरच्या (एका चिपमध्ये सहा प्रोसेसर असलेल्या) मशीनचं हेच झालं. डिसेंबरात रात्री बसून ट्यूनिंग केलं, खोली २० डिग्रीला, ४.४ गिगाहर्ट्झला १.२८ व्होल्ट, रात्रभर टेस्ट चालवली, चिप ७२ डिग्रीच्या वर गेली नाही, मी खूश. मे महिन्यात दुपारी तीन वाजता व्हिडिओ रेंडर लावला आणि मशीन हँग. परत लावला, परत हँग. सेटिंगला हातही लावला नव्हता! लाइट जाऊन आली होती, कूलर बंद पडला होता, खोली ३८ ला पोचलेली. हवेने थंड होणारी चिप खोलीपेक्षा ठरावीक डिग्रीच वर राहते, माझी ५२ वर राहायची, म्हणजे ३८ अधिक ५२ झाले ९०, आणि झिरपणाऱ्या करंटमुळे त्यातही दोन-तीन डिग्रीची भर.

आणि सिलिकॉन तापलं की त्यातले इलेक्ट्रॉन हळू सरकतात, कारण अणूंची थरथर वाढते आणि ते जास्त धडकतात. ओव्हरक्लॉकिंगला लागतं एवढ्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर गरम झाल्यावर मंद होतो. म्हणजे डिसेंबरात ज्या प्रेशरला टाकी वेळेत भरत होती त्याच प्रेशरला मे महिन्यात भरत नाही. मी काय केलं तर व्होल्टेज १.३१ केलं, तर चिप अजून तापली, तापली म्हणून अजून मंद झाली, म्हणून अजून व्होल्टेज मागायला लागली. या चक्रातून वर जाऊन बाहेर पडता येत नाही, खालीच यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून भाच्याला सांगितलं, दुसऱ्या कोणाचा आकडा उचलू नको. एकाच वेफरवरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या, दोन चिप सारख्या नसतात, कुठे थर अणूभर जाड तर कुठे पातळ, एकीला ज्या वेगासाठी १.२० पुरतं तिथे दुसरीला १.२८ लागतं. तू तुझ्या चिपचा काढ, आणि दुपारी काढ, खोलीतला कूलर बंद करून.

काढायचा कसा? रॅम आधी साध्या स्पीडवर आणायची, नाहीतर चूक रॅमची आणि आपण बसतो व्होल्टेज वाढवत. मग फ्रिक्वेन्सी एका जागी धरायची आणि व्होल्टेज ०.०१ ने कमी करत जायचं, दर पायरीला टेस्ट, जिथे पडली तिथून दोन-तीन पायऱ्या वर. माझ्या मते वरून खाली येणंच बरं, पण सुरुवात चिपच्या सुरक्षित मर्यादेत हवी. टेस्टसाठी प्राइम९५ अजूनही भरवशाचा. तो मुळात मर्सेन प्राइम म्हणजे एका ठरावीक प्रकारच्या प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायला केलेला प्रोग्राम आहे, १९९६ पासून जगभरातले लोक चालवतात. त्यातले गुणाकार इतके मोठे असतात की ते दशांशात करून शेवटी पूर्णांकात आणतात, उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ पडायला हवं. ते ०.४ पेक्षा जास्त लांब पडलं की प्रोग्राम थांबतो आणि सांगतो की तुमच्या हार्डवेअरने गणित चुकवलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण मशीन हँग झालं, निळी स्क्रीन आली तर निदान आपल्याला कळतं, पण गणित गुपचूप चुकलं आणि मशीन चालतच राहिलं तर? प्रोजेक्टची फाइल खराब सेव्ह होते आणि महिन्याने उघडल्यावर कळतं.

पण नुसत्या प्राइम९५ वर भागत नाही. कधीकधी मशीन रात्रभर टेस्ट पास करतं आणि सकाळी यूट्यूब बघताना बंद पडतं. आपण नळावर टाकी भरत असतो आणि शेजारी टुल्लू पंप सुरू करतात तेव्हा आपली धार कशी बारीक होते, तसं सगळे कोअर एकदम कामाला लागले की चिपला मिळणारं व्होल्टेज क्षणभर खाली जातं. बायॉसमधली (कॉम्प्युटर सुरू होतानाच चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) लोड-लाइन कॅलिब्रेशन ही सेटिंग त्यासाठीच असते, ती मदरबोर्डला सांगते की लोड आला तरी व्होल्टेज पडू देऊ नको. ती एकदम वरच्या लेव्हलला ठेवायचा मोह आवरा, कारण पंप अचानक बंद झाला की धार उसळते तसं लोड संपल्या क्षणी व्होल्टेज वर उडी मारतं, आणि ही उडी इतकी छोटी असते की मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही. मी मधली लेव्हल ठेवतो. हलका लोड, भारी लोड, मधेच थांबून परत लोड, असं सगळं करून बघायचं.

जास्त व्होल्टेजने चिप लगेच जळत नाही, झिजते. चिपच्या आतल्या बारीक तारांमधून करंट जोरात गेला की इलेक्ट्रॉन धातूचे अणू ढकलत नेतात, याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये त्याचं समीकरण मांडलं, करंट आणि तापमान वाढलं की तारेचं आयुष्य किती घटतं ते त्यातून निघतं. झिजण्याच्या बाकीच्याही तऱ्हा आहेत, २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा प्रश्न गाजला तो तसाच. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या, त्याने आतलं सर्किट झिजत होतं, आणि झिजलेल्या चिपला त्याच वेगासाठी आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागायला लागलं. कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामचे, अपडेट दिले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. आणि या चिप वापरणाऱ्या कितीतरी लोकांनी तर ओव्हरक्लॉक केलंच नव्हतं.

खोलीतल्या कूलरचं एक राहिलंच. कूलरच्या ओल्या हवेने बोर्डवर पाणी साठेल ही भीती नको, पाणी धरतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर आणि चिप तर गरम असते. पण कूलरचं तोंड थेट कॅबिनेटकडे नको, बोअरच्या पाण्याचे शिंतोडे उडतात आणि वाळल्यावर क्षार उरतात.

माझ्या बायॉसमध्ये आता दोन प्रोफाइल आहेत. हिवाळ्याचा ४.४ ला १.२८, आणि होळीनंतर लावायचा ४.२ ला १.१९, वेग साडेचार टक्के कमी पण उष्णता १७ टक्क्यांहून जास्त कमी. भाच्याचा परवा दुपारी फोन आला, कूलर बंद, खोली ३९, घामाघूम झालेला, म्हणे १.२१ वर दोन तास झाले, अजून एकही एरर नाही, आता १.२० करून बघतो.